हळद लागलेलं पाणी

रेवा, चिन्मय, आमच्या वलगावचे शब्बीरभाई कुणाच्याही घरी पाणी पिण्याआधी त्याचा वास घेत. पहिल्यांदा आमच्या ओसरीवर त्यांनी माझा लखलखीत ग्लास नाकाशी धरला, तेव्हा मला रागच आला. "बाई, ग्लास चांगला हाये. पन पान्याले वास काहून नाही?" असं म्हणून ते तडक टाकीकडे निघाले. गावाला पाणी सोडायचं आणि त्यात जंतू मारणारी टीसीएल पावडर टाकायची, हे त्यांचं ग्रामपंचायतीतलं काम. सदऱ्याला कायम त्या पावडरीचा दर्प. "सरकारी अत्तर हाये," म्हणायचे.

एका वर्षी आमच्या गल्लीत कावीळ आली. नळाचा पाइप गटाराजवळ फुटला होता. शब्बीरभाईंनी तो बदलून घेतला, पावडर वाढवली आणि चौकात सगळ्यांसमोर पाणी तपासलं. काचेच्या नळीत नळाचं पाणी घेऊन औषधाचे दोन थेंब टाकले. पाणी पिवळं झालं.

"पाहा, पान्यातून कावीळ निघाली!" शेजारच्या शांताबाई ओरडल्या.

त्यांना तसं वाटणं साहजिक होतं. त्यांच्या दिराची कावीळ उतरवायला आलेल्या बुवाने त्याचे हात चुन्याच्या पाण्यात धुतले होते. पाणी पिवळं झालं, म्हणजे कावीळ निघाली, असं सांगितलं होतं. झालं! गल्लीतल्या बाया नळ सोडून जुन्या विहिरीवर जाऊ लागल्या. त्यात चार दिवसांवर शांताबाईंच्या मुलीचं लग्न. अख्खी पंगत त्याच पाण्यावर उठणार होती.

"वहिनी, त्या विहिरीत गटार झिरपून राहिलं," शब्बीरभाईंनी शांताबाईंना समजावलं.

"तुमचं पिवळं पानी तुमीच प्या, भाऊ."

मी इंग्रजी शाळेतली शिक्षिका. क्लोरीनवर मुद्देसूद भाषण दिलं. बाया जांभया देत घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी शब्बीरभाई थेट मांडवात आले. विहिरीच्या पाण्याची कळशी मागितली, नळीत थेंब टाकले. पाणी तसंच राहिलं. शांताबाई जिंकल्यासारख्या हसल्या. मग शब्बीरभाईंनी कळशीत मोजून पावडरीचं पाणी घातलं. "आता अर्धा घंटा थांबा. तवरोक चहा टाका."

अर्ध्या तासाने पुन्हा थेंब टाकले. नळी पिवळी!

"वहिनी, रंग पावडरीचा हाये. कावीळ नाही, पान्याले हळद लागली. हळद लागल्यावर पोरीले घराबाहेर जाऊ देता का? तिले काही बाधू नये म्हनूनच जपता ना? तसंच हे." आणि कळशीतलं पाणी ग्लासात ओतून, वास घेऊन, ते गटागटा प्याले.

शांताबाईंनी नळी हातात घेऊन उजेडात धरली. मग आचाऱ्यावर खेकसल्या, "नळाचं पानी भर! अन् आधी साबनानं हात धू!"

लग्न थाटात झालं. कावीळ दिसायला महिनासुद्धा लागतो, म्हणून शब्बीरभाई येणाऱ्याजाणाऱ्याला उन्हात उभं करून डोळे पाहत. पुढे अचलपूरहून शांताबाईंची मुलगी माहेरी आली. सासरचे सगळे ठणठणीत, असं तिने सांगितलं, तेव्हा शब्बीरभाईंनी गल्लीभर जिलेबी वाटली. तेव्हापासून बाया रोज विचारायच्या, "भाऊ, आज हळद लागली का?"

गेल्या महिन्यात ते निवृत्त झाले. निरोपाच्या वेळी शांताबाईंनी पाणी दिलं. सवयीने ग्लास नाकाकडे गेला.

"वास काय घेता? सकाळी मीच नळीत पाह्यलं. हळद लागली हाये."

शब्बीरभाई हसले आणि वास न घेताच पाणी प्याले.