मोकळ्या शेताचा फोटो

प्रवासाला निघताना मी आधी बॅटऱ्या चार्ज करते, मग कपडे भरते. या खेपेला कपडे भरून झाले आणि कॅमेरा घ्यावा की नाही याच विचारात अर्धा तास गेला. शेवटी घेतला. तीस वर्षांची सवय. खांद्याला ओझं नसलं की मला चालताच येत नाही. पण छत्रपती संभाजीनगरला मी फोटो काढायला निघाले नव्हते. देवगाव रंगारीजवळच्या एका वस्तीवर एक माणूस आपल्या गेलेल्या बायकोच्या फोटोची वाट पाहत होता, आणि तो फोटो माझ्याकडे नाही, हे मला त्याच्या तोंडावर सांगायचं होतं.

दोन वर्षांपूर्वी हिवाळ्यात मी तिकडे गेले होते. बियाणं विकणाऱ्या एका कंपनीला कॅलेंडरसाठी मराठवाड्यातलं शेत हवं होतं. सकाळच्या उन्हात मक्याचं रान, एका अंगाला बोरीचं झाड. मी कॅमेरा लावते तोवर डोक्यावर घासाचा भारा घेऊन एक बाई आली. तिने भारा खाली टाकला, पदर नीट केला आणि म्हणाली, “माझा बी एक काढा की.” काढला. नाव विचारलं, ‘गयाबाई’ म्हणाली. फोटो पाठवते म्हणून सांगितलं, माझं कार्ड तिच्या हातात दिलं आणि पुण्याला येऊन साफ विसरले. तिच्या फोटोइतका चांगला उजेड दुसऱ्या कुठल्याच फोटोत पडला नव्हता, म्हणून कॅलेंडरसाठी तोच निवडला.

कंपनीला शेत मोकळं हवं होतं. हल्ली सगळ्यांनाच मोकळं हवं असतं. तारा नकोत, खांब नकोत, अनोळखी माणसं नकोत. पूर्वी एवढ्या कामात अख्खा दिवस मोडायचा. आता एआय आल्यापासून माणसावर बोट फिरवलं की माणूस जातो आणि त्याच्या जागी मागचं रान आपोआप उगवतं. मी गयाबाईवर बोट फिरवलं. समोरचा चहा गार व्हायच्या आत काम झालं. पुढच्या दिवाळीत डिस्क भरली म्हणून मूळ फायली पुसून टाकल्या. घरातली रद्दी काढावी तशा.

मागच्या महिन्यात फोन आला. “मी कचरू बोलतो, गयाबाईचा मालक. ताई, ती गेली. साल होत आलं. वर्षश्राद्धाला तिचा फोटो ठेवायचाय. तुमच्यापाशी हाय ना?” मी न बघताच ‘आहे’ म्हणाले. मग आठ दिवस जुन्या डिस्का, मेमरी कार्डं आणि पुसलेलं परत आणून देतो म्हणणारी तीन सॉफ्टवेअरं. कुणाकुणाच्या लग्नातले हार मिळाले, गयाबाई मिळाली नाही.

पुण्याच्या एसटीत माझ्या ट्रायपॉडने नगरच्या अलीकडेच एका आजींच्या टोपलीतले पेरू सांडले. मी वाकून गोळा करत होते तर कंडक्टर म्हणाला, “बाई, ही तोफ टपावर टाकायची ना.” सगळी गाडी हसली. मीही हसले, आठ दिवसांत पहिल्यांदाच. वाळूजपाशी गाडी रखडली. पाळी सुटली होती, कारखान्यांच्या बसगाड्या आणि मोटरसायकलींनी रस्ता भरला होता. एरवी मी खिडकीतून दहा फोटो काढले असते.

शहरात मी आधी अन्वरभाईंकडे गेले. जुन्या शहरात त्यांचा स्टुडिओ आहे. वडिलांनी पोलीस ॲक्शननंतर, निजामाचं राज्य गेल्यावर काढलेला. मागे माझ्या लेन्समध्ये बुरशी धरली तेव्हा त्यांनीच ती साफ करून दिली होती, तेव्हापासूनची ओळख. त्यांनी समोरून नान-खलिया (तंदुरी नान आणि मटणाचा पातळ, झणझणीत रस्सा) मागवला. मी दोन घास खाल्ले आणि सगळं सांगितलं.

“अब्बा निगेटिवपे पेन्सिलसे काम करते थे,” ते म्हणाले. “मय्यतका फोटो आया तो बंद आँखां खोलके देते थे. घरवाले रोते भी थे, दुआ भी देते थे. अब क्या, पोट्ट्यांना (पोरांना) नव्या कॅमेऱ्यावर जुन्या रिळाचे दाणे पाहिजेत. साफ फोटो घाण करून मागतात!”

हसता हसता ते थांबले. “आधार कार्ड का फोटो है क्या उस बाई का?”

होता. ओळख पटावी म्हणून कचरूभाऊंनीच पाठवला होता, खाली बोलून निरोप जोडला होता: ‘ह्यात ती तिच्यावाणी दिसत नाय.’ अन्वरभाईंनी तो चेहरा आणि माझ्या कॅलेंडरचं शेत कॉम्प्युटरला दिलं. काय पाहिजे ते लिहिलं: हिरवं लुगडं, दोन्ही हात समोर, चेहऱ्यावर किंचित हसू. पहिली बाई सिनेमातली निघाली. दुसरी फार तरुण. सहावी मात्र अशी निघाली की माझ्या अंगावर काटा आला. रापलेली कातडी, डोळ्यांच्या कडेच्या सुरकुत्या, मागे मका. कोणीही म्हणालं असतं, हा खराच फोटो.

“दे देव मॅडम, देऊन टाका,” ते म्हणाले. “किसीका दिल रहता है. तेवढंच त्याचं समाधान.”

मी तो छापून घेतला. फ्रेमही केली. कबूल करायला निघालेली मी, रात्री लॉजवर त्या फ्रेमकडे बघत स्वतःला समजावत होते की यात वाईट काय आहे. लाज वाटत होती, पण फ्रेम पिशवीत कपड्यांच्या घडीत नीट ठेवली, काच फुटू नये म्हणून.

सकाळी देवगाव रंगारीची एसटी मिळाली. फाट्यावर उतरले तर कचरूभाऊ मोटरसायकल घेऊन उभे. साठीचे, किरकोळ अंगाचे, धुतलेली टोपी. वाटेत दोन्ही बाजूंना अद्रकाचे (आल्याचे) वाफे आणि वेचणीला आलेली कपाशी. घर पत्र्याचं, पुढे स्वच्छ झाडलेली ओसरी. आल्या आल्या मला जेवायला बसवलं. त्यांच्या मुलीने, सुमनने, येसर आमटी (भाजलेली डाळ, धान्य आणि मसाले दळून केलेली आमटी) आणि बाजरीची भाकरी वाढली. आमटी लई झणझणीत झाली का, असं तिने दोनदा विचारलं. मला चव कळत नव्हती.

“माझी आई फोटोला उभीच राहत नव्हती,” सुमन म्हणाली. “माझ्या लग्नात बी मागं मागं. हाय नाय तो सगळा अल्बम बघा, कुठं नुसता पदर दिसतो तिचा.”

“आन् तुमच्यासमोर कशी उभी राहिली, देव जाणे,” कचरूभाऊ म्हणाले. “मी त्या दिवशी कन्नडच्या बाजाराला गेलो व्हतो. आल्यावर मला सांगितलं, आज फोटो काढला. सालभर तुमचं कार्ड देव्हाऱ्यात ठिवलं व्हतं तिनं. कुणी पाव्हणं आलं की सांगायची, पुण्याहून फोटो येनार हाय.”

मी फ्रेम काढून त्यांच्या हातात दिली.

त्यांनी टोपी काढली. बराच वेळ पाहिलं. चेहऱ्यावरून अंगठा फिरवला, मग खाली हातांवर आणला आणि तिथेच थांबले. सुमन मागून वाकून बघत होती. ती तशीच आत निघून गेली.

“बोटं बसवली का हो तुमी?” त्यांनी विचारलं.

मी वाकून फ्रेममधली बोटं पाहिली.

“तिच्या डाव्या हाताची दोन बोटं नव्हती. कडबा कुट्टीच्या मशीनीत गेली, सुमन पोटात व्हती तवा. म्हणून तर फोटोला नको म्हणायची.” ते अजिबात रागावले नव्हते, तेच मला सोसवेना. “आन् त्या दिवशी मला म्हणली, बाईसमोर मी हात लपवला नाय. ते ऐकून मला लई बरं वाटलं व्हतं, ताई. तुमी कशाला बसवली?”

मग मी सगळं सांगितलं. कॅलेंडरसाठी तिला पुसलं, मूळ फोटो टाकून दिला, फोनवर खोटं बोलले, आणि ही फ्रेममधली बाई काल दुपारी यंत्राने केली. तिची बोटं गेलेली आहेत हे मी त्या दिवशी पाहिलंच नव्हतं, हेही सांगितलं. बोलताना मी रडत होते आणि माझा मलाच राग येत होता, कारण रडायचा हक्क तिथे माझा नव्हता.

कचरूभाऊंनी फ्रेम पालथी करून बाजूला ठेवली. “मग ही आमची नाय,” एवढंच म्हणाले. टोपी पुन्हा घातली आणि विचारलं, “ते कॅलेंडर हाय का?”

होतं. मी पान उलगडून चटईवर ठेवलं. मका, बोर, लांबवर धुकं. ते गुडघ्यावर वाकले. “हितं व्हती ना ती? ह्यातच?”

“ह्यातच.”

“कुठं?”

मी वाकले. कागद डोळ्यांजवळ नेला, मग मोबाइलवर तोच फोटो उघडून मक्याचं पानन् पान मोठं करून पाहिलं. पानाला पान लागलेलं, दवाला दव. कुठेही सांधा नाही. काम सफाईचं झालं म्हणून त्या वेळी मी खूश झाले होते. “मला सापडत नाही,” मी म्हणाले. “खरंच आठवत नाही.”

त्यांनी मान हलवली, जणू मी हरवलेल्या चपलेबद्दल बोलत होते. पुन्हा पान बघत बसले. “बोरीखालीच असंल,” ते शेवटी म्हणाले. “भाकरीचं फडकं तिथंच टांगायची ती. भारा बी तिथंच टेकवायची. दुसरीकडं कशाला जाईल?” सुमनला हाक मारून त्यांनी कुंकवाचा करंडा मागवला आणि बोरीच्या बुंध्याशी, छापलेल्या मक्यावर, बोटाने एक टिळा लावला. मग पान दोन्ही हातांनी भिंतीवर धरून पाहिलं.

“सोमवारी वर्षश्राद्धाला ह्यालाच हार घालू,” ते म्हणाले. “लोकं इचारतील. सांगू, ती हितं हाय.”

दुपारच्या गाडीला ते मला सोडायला आले. सुमनने पिशवीत चार भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली होती. ती पालथी फ्रेम मी परत मागून घेतली. गाडी सुटताना कचरूभाऊंनी हात जोडले, मीही जोडले. मन हलकं झालं होतं, हे लपवून काय करू? सगळं सांगून टाकलं, मार खाल्ला नाही, वर भाकरी मिळाली.

संभाजीनगरला गाडी बदलून पुण्याकडे निघाले तेव्हा ऊन कलतं होतं. माझ्या बाजूच्या खिडकीतून ते सरळ डोळ्यांवर येत होतं. पुढच्या बाकावरच्या बाईने कपाळावर आडवा हात धरला, आणि मला गयाबाई दिसली. अगदी लख्ख. इतके दिवस डिस्का उपसून जी मिळाली नाही ती.

ती बोरीखालीच उभी राहिली होती, ते बरोबर. पण फोटो काढला तेव्हा ती तिथे नव्हती. मीच तिला म्हणाले होते, “सावलीत तोंड दिसत नाही हो, पुढे या उन्हात.” ती हसत हसत चौकटीच्या पार दुसऱ्या टोकाला, पाटाच्या कडेला आली. ऊन डोळ्यांवर आलं म्हणून तिने हात वर धरला. डावा हात. आणि मी, कॅमेऱ्यातून डोळा न काढता, म्हणाले होते, “हात खाली घ्या बाई, चेहऱ्यावर सावली पडतेय.”

तिने तो खाली घेतला आणि पदराखाली नेला. मग मी फोटो काढला.

मी मोबाइल काढला, कचरूभाऊंचा नंबर उघडला. पान एव्हाना भिंतीला लागलं असेल. टिळा वाळला असेल. सोमवारी हार घातला जाईल, बोरीच्या अंगाला, आणि येणाऱ्या जाणाऱ्याला ते सांगतील की माझ्या बायकोने हात लपवला नव्हता.

मी फोन लावला नाही.