सरांचं बारा पावलांचं कुंपण

आमच्या भूगोलाच्या सरांनी तीस वर्षं एकच वाक्य लिहून घेतलं : 'समुद्र भूशिर खातो आणि उपसागर भरतो.' लाटा कड्याच्या पायथ्याला खाच पाडतात, खाचेची गुहा होते, गुहेची कमान, कमान कोसळली की पाण्यात एकटा खांब उरतो. हे सगळं ते फळ्यावर अशा मायेने काढायचे, की खांब पडला की वर्गाला वाईट वाटायचं. आणि राहायचे कुठे? बरोब्बर भूशिराच्या टोकावर, कड्यावरच्या घरात. कुणी विचारलंच तर म्हणायचे, "आपला दगड वेगळा आहे."

याला त्यांच्याकडे पुरावा होता. दरवर्षी परीक्षेचे पेपर तपासायला ते चार दिवस बाहेरगावी जात. परत आले की चहाच्या आधी परसात जाऊन कुंपणापासून कड्यापर्यंत पावलं मोजत. बारा. नऊ वर्षं सलग बारा. दरम्यान परसाच्या टोकाचा निळ्या फरश्यांचा कट्टा नाहीसा झाला, तेव्हा त्यांनी गवंड्याच्या कामाला नावं ठेवली. पेरूचं झाड गेलं, तेव्हा झाडाला. समुद्रावर त्यांनी एकदाही संशय घेतला नाही. तीस वर्षांची ओळख होती ना.

त्यांचा मेहुणा होड्या दुरुस्त करतो. त्याने उपसागराच्या पलीकडच्या टोकाला वाळूचा एक पट्टा घेतला, तेव्हा सरांनी भरल्या पंगतीत निकाल दिला होता, "ती जमीन नाही, अफवा आहे." मेहुणा हसला आणि अफवेवर शेड बांधली. पट्टा वर्षागणिक रुंदावत गेला. त्यावर गवत आलं, मग झुडपं, मग मेहुण्याच्या म्हशी.

सर निवृत्त झाले त्या वर्षी त्यांनी ठरवलं, आता पावलं नकोत, शास्त्रशुद्ध टेप हवी. तिचं दुसरं टोक धरायला जुना विद्यार्थी म्हणून मला बोलावलं. मी कड्याशी, सर कुंपणाशी. नऊ मीटर. म्हणजे बारा पावलंच. सरांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू समुद्राला त्यांनीच तोंडी परीक्षेत नापास केलंय.

टेप गुंडाळत कुंपणाच्या आत आलो आणि वळलो, तर माझी पाठ स्वयंपाकघराच्या भिंतीला लागली. कुंपण आणि भिंत यांच्यात मी आणि एक बादली एवढीच जागा होती. मी लहान होतो तेव्हा इथे आम्ही क्रिकेट खेळायचो.

सरांच्या पत्नी, म्हणजे आमच्या बाई, दारात तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी काही विचारायच्या आत, मान वर न करता म्हणाल्या, "यंदा सरकवून झालं. पुढच्या वर्षी मागे घ्यायचं तर कुंपण चुलीवरून न्यावं लागेल."

मग सगळं बाहेर आलं. पहिल्या वर्षी कुंपणाचा कोपऱ्यातला एक खांब हवेत लोंबकळत होता. सर म्हणाले, बघू. सर पेपर तपासायला गेले तशी बाईंनी गवंड्याला बोलावून कुंपण मागे घेतलं. सर येऊन ओरडतील अशी त्यांची अपेक्षा होती. सरांनी पावलं मोजली आणि खूश होऊन चहा मागितला. "म्हटलं, आज ना उद्या कळेल," बाई म्हणाल्या. "भूगोलाचे आहेत."

सरांनी माझ्या हातातून टेप घेतली. रागावले नाहीत. फळ्यावरची स्वतःचीच चूक सापडावी तसे हळूच म्हणाले, "संदर्भबिंदू हलता होता." मग बाईंना विचारलं, "तुला भीती नाही वाटली?"

"रोज वाटते. म्हणून तर दर वर्षी हलवते."

पुढच्या रविवारी सर मेहुण्याकडे गेले. सामान ठेवायला जागा मागायची होती, तीही त्याच अफवेवर. मान खाली घालून ते वाळूतून चालत असताना पायाशी काहीतरी निळं दिसलं. गुळगुळीत, कडा झिजलेला फरशीचा तुकडा. थोडं पुढे दुसरा. सरांचा चेहरा एकदम वर्गातला झाला. कड्याचा माल किनाऱ्याने वाहत येतो, प्रवाह मंदावला की इथे पडतो, हे त्यांनी मेहुण्याला काठीने वाळूत काढून दाखवलं.

"म्हणजे हे सगळं तुमचंच की, दाजी," मेहुणा म्हणाला. "मग राहा."

"राहतो. पण उपकार म्हणून नाही," सर म्हणाले.

महिन्याभरात ते तिथे राहायला गेले. पहिल्याच सकाळी त्यांनी शेडजवळ एक दगडी खुंटा पक्का गाडला, त्यावर रंगाने रेघ मारली आणि बाईंना बजावलं, "याला हात लावायचा नाही."

"मी कशाला लावू?" बाई दोरीवर लुगडी टाकत म्हणाल्या. "इथे समुद्र स्वतःच मागे सरकतोय. माझं एक काम कमी झालं."