दिवेच कमी हायेत

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही. देवापुढे हात जोडतो तेव्हासुद्धा मनातल्या मनात या गोष्टीला वळसा घालून पुढे जातो. तुम्ही मला ओळखत नाही — म्हणून कदाचित सांगता येईल. बघू.

महाळुंगे पडवळच्या रस्त्याला माझं गॅरेज आहे. गॅरेज म्हणजे काय, पत्र्याची शेड. मी गाड्यांचं वायरिंग करतो. ट्रॅक्टर, पिकअप, बेल्ह्याच्या बाजाराला जनावरं नेणारे टेम्पो. कुणाचा हॉर्न वाजत नाही, कुणाचा सेल्फ उचलत नाही. हात काळे करून घ्यायचे, संध्याकाळी रॉकेलनं धुवायचे. असं वीस वर्षं चाललं होतं. आणि एक दिवस दारात अण्णांची गाडी उभी राहिली.

लाल. बुटकी. दोन दारं, दोनच माणसं बसतील एवढी जागा, आणि पुढं दोन गोल दिवे. परदेशी बनावटीची स्पोर्ट्स कार, माझ्याहून वयानं मोठी. मी असली गाडी फक्त कॅलेंडरवर पाहिली होती. अण्णा पिंपरीला एका कारखान्यात इंजिनिअर होते. निवृत्त झाल्यावर येडगावला धरणाजवळ घर बांधून राहिले. बायको वारलेली, एकुलती मुलगी मंजिरी लग्न होऊन नाशिकला. ही गाडी त्यांनी तरुणपणी भंगारातून उचलून स्वतःच्या हातानं उभी केली होती. पण वायरिंग हा आपला प्रांत नव्हे, असं ते म्हणायचे.

"सुभाष, उजेड पडत नाही रे रस्त्यावर," ते म्हणाले. "काहीतरी कर."

आणि तेव्हा ते खरंच होतं — हे मला सांगू द्या. दिव्यांच्या आतली चकाकी गेली होती, वायरी केसासारख्या बारीक. बॅटरीपासून दिव्यापर्यंत जाईतो निम्मा करंट वाटेतच संपत होता. मी रिले बसवले, जाड वायर ओढली, मुंबईहून नव्या काचा मागवल्या. आठ दिवस त्या गाडीशिवाय दुसरं काम घेतलं नाही. संध्याकाळी शेडसमोरच्या भिंतीवर उजेड पाडून पाहिला, तर भिंतीवरच्या विटा मोजता येत होत्या. अण्णांनी माझ्या पाठीवर थाप मारली.

इथपर्यंत माझी काही चूक नव्हती.

तीन-चार महिन्यांनी ते परत आले. उजेड पुन्हा कमी वाटतोय म्हणाले. मी मीटर लावला. करंट बरोबर, बल्ब बरोबर, काचा स्वच्छ. काहीच बिघडलं नव्हतं. मी दोन कप चहा आणला, त्यांच्या डाव्या बाजूला उभा राहून एक पुढं केला. त्यांनी घेतला नाही. समोर बघत बोलतच राहिले. मी कप तसाच धरून उभा — किती वेळ? पाच-सहा सेकंद असतील. मग मी समोर आलो आणि ते म्हणाले, "अरे, चहा आणलास होय!"

जाताना त्यांच्या गाडीची डावी बाजू माझ्या टायरच्या थप्पीला घासली. त्यांना कळलंसुद्धा नाही.

मला कळलं. त्याच क्षणी कळलं. कारण माझ्या आईचे डोळे काचबिंदूनं गेलेत. मंचरच्या डॉक्टरांनी मला समोर बसवून समजावलं होतं — कडेचं दिसणं आधी जातं, माणसाला पत्ता लागत नाही. गेलेलं परत येत नाही, पण वेळेत आलात तर उरलेलं थेंबांवर टिकतं. आम्ही वेळेत गेलो नव्हतो. म्हणजे बघा, अख्ख्या तालुक्यात हे ओळखू शकेल असा माणूस नेमका मी होतो, आणि त्यांची गाडी नेमकी माझ्याच दारात येत होती.

मग मी काय केलं? मी पुढच्या बाजूला खाली दोन जादा दिवे बसवून दिले.

का, असं विचाराल. मीही विचारतो. लोकांना वाटेल बिलासाठी. तसं असतं तर बरं झालं असतं, कारण हाव निदान समजते तरी. त्या गाडीनं मला काय दिलं ते सांगतो. अण्णा मला बेल्ह्याच्या बाजाराला घेऊन जायचे. नुसतं मिरवायला. व्यापारी सौदे सोडून भोवती जमायचे, कुणीतरी वाकून दिव्यांकडे बघायचं आणि म्हणायचं, "लई भारी काम हाय राव, पुण्याला केलं व्हय?" आणि अण्णा माझ्या खांद्यावर हात ठेवायचे. "पुण्याला कशाला? आमच्या सुभाषरावांनी केलंय."

सुभाषराव. मला आयुष्यात कुणी राव लावला नव्हता. माझ्या बापानं मला वायरमनसुद्धा धड म्हटलं नाही. परत येताना अण्णा किल्ली माझ्या हातात द्यायचे आणि मी ती लाल गाडी चालवत यायचो. ओळखीची माणसं वळून बघायची. अण्णांना डॉक्टरकडे पाठवलं की हे संपणार होतं. गाडी विकली जाणार, नाहीतर ताडपत्रीखाली जाणार. मी एवढा हिशेब मांडून बसलो होतो असं नाही — पण मला माहीत होतं. माणसाला माहीत असतं.

आता मुख्य गोष्ट. तिच्याकडे यायचं मी टाळतोय, तुमच्या लक्षात आलं असेल.

थंडीचे दिवस होते. दिवे तपासायला म्हणून अण्णांनी मला येडगावच्या धरणाच्या रस्त्यावर नेलं. नुकता अंधार पडत होता. उसाची एक ट्रॉली कडेला उभी होती. मी ओरडलो म्हणून त्यांनी स्टिअरिंग वळवलं, नाहीतर आम्ही तिच्यातच गेलो असतो. थोडं पुढं जाऊन त्यांनी गाडी थांबवली. इंजिन बंद केलं. दिवे तसेच चालू. समोर लांबपर्यंत बाभळीचं एकेक पान दिसत होतं.

ते माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "समोरून येणाऱ्या गाड्यांच्या दिव्यांभोवती मला रंगीत कडी दिसतात. सुभाष, तू खरं सांगशील म्हणून तुला विचारतो. दिवे कमी आहेत, का माझी नजर?"

माझी आई हेच बोलली होती. देव्हाऱ्यातल्या समईभोवती रंगीत कडं दिसतं म्हणाली होती.

मी म्हणालो, "दिवेच कमी हायेत, अण्णा. आन् पुढची काच लई घासलीय, त्यानं कडी दिसत्यात. मी पॉलिश करून देतो."

त्यांनी सुस्कारा सोडला. सुटल्यासारखा. "वाटलंच मला," म्हणाले, आणि उतरून किल्ली माझ्या हातात दिली. मी गाडी चालवत त्यांना घरी सोडलं. खोटं कशाला बोलू — तेव्हासुद्धा मला ती चालवायला आवडली.

दुसऱ्या आठवड्यात मंजिरीताईंचा फोन आला. "सुभाषदादा, बाबा म्हणतात रात्री दिसत नाही. मी त्यांना पुण्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेणार आहे. पण ते म्हणतात सगळा दोष गाडीचा आहे, सुभाषनं तपासलंय. खरंय का हे?"

मी म्हणालो, "खरं हाय ताई. जुनी गाडी हाय. तुमी काळजी करू नका, मी हाय ना."

त्यांनी अपॉइंटमेंट रद्द केली.

पुढच्या पावसाळ्याच्या अखेरीला, दिवसाउजेडी, संध्याकाळचे पाच वाजलेले असताना, अण्णांनी गाडी कालव्याच्या चरात घातली. दुसऱ्या कुणाला लागलं नाही. त्यांचं मनगट मोडलं. दवाखान्यात हाताबरोबर डोळेही तपासले. डावा पूर्ण गेलेला, उजव्यात किल्लीच्या भोकाएवढंच उरलं होतं. ऑपरेशन केलं, पण वर्षाच्या आत तेही गेलं. वर्षभर आधी आले असते तर बरंच वाचलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. हे मला मंजिरीताईंनी सांगितलं.

त्या आता नाशिक सोडून वडिलांजवळ राहतात. गाडी विकली. मी महिन्यातून एकदा जातो. अण्णा माझ्या चपलांच्या आवाजावरून मला ओळखतात, हात पुढं करून चाचपडत माझा खांदा शोधतात. कुणी पाहुणे बसलेले असले तर सांगतात, "यांनी माझ्या गाडीसाठी फार केलं." मी शेजारी बसतो. काय करणार?

गेल्या दिवाळीत मी निघालो तेव्हा मंजिरीताई फाटकापर्यंत आल्या. रडत होत्या. म्हणाल्या, "दादा, मी अपॉइंटमेंट घेतली होती. आणि मीच रद्द केली. मला कंटाळा आला असेल, रजा मिळत नव्हती — मी तुमच्या एका शब्दावर कशाला थांबले? तुम्ही गाडीचं बघणारे, तुम्हाला डोळ्यांचं काय कळणार? मुलगी मी होते. मी बाबांचे डोळे घालवले."

त्या माझ्याकडे बघत होत्या. अंगणात दुसरं कुणी नव्हतं. खरं सांगायची ती वेळ होती, दुसरी कुठली असणार?

मी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "असं मनाला लावून घिऊ नका, ताई. नशिबात व्हतं."

त्या वाकून माझ्या पाया पडल्या. मी पडू दिलं. मग मोटारसायकल चालू केली आणि घरी आलो.