क्लचमावशीची नवी विद्यार्थिनी

गावातल्या निम्म्या लोकांना जिने गाडी शिकवली, तिला सगळे क्लचमावशी म्हणत. एकतीस वर्षं ती शिकवणीच्या गाडीत शिकणाऱ्याच्या शेजारी बसत आली होती. त्या सीटपुढेही क्लच आणि ब्रेक बसवलेले असत. "क्लच, क्लच, अरे बाबा क्लच" हा तिचा जप डॉक्टरांपासून न्हाव्यापर्यंत सगळ्यांनी ऐकला होता.

एके दिवशी तिच्या एका जुन्या विद्यार्थिनीचा फोन आला. ती आता इंजिनियर झाली होती आणि आपोआप चालणाऱ्या गाडीची चाचणी घेत होती.

"मावशी, आमची गाडी कागदावरच्या सगळ्या परीक्षांत पास आहे. पण तुमच्या हाताखाली ती टिकेल असं मला वाटत नाही. एकदा बसून बघाल?"

मावशीने जागच्या जागी होकार दिला. नवऱ्याने वर्तमानपत्रातून डोकं वर काढलं. "तुझाच धंदा बुडवणाऱ्या गाडीला तू शिकवणार?"

"अहो, धंद्याचं पुढचं पुढे. आधी ती चालते कशी ते तर बघू द्या."

ठरल्या दिवशी मावशी अर्धा तास आधीच जाऊन उभी राहिली. इंजिनियर पोरगी चालकाच्या जागी बसली, पण हात मांडीवर ठेवून. काही बिघडलं तरच ती गाडी हातात घेणार होती. मावशी सवयीने शेजारी बसली. गाडी निघाली, स्टिअरिंग आपलं आपण वळलं. तिचा उजवा पाय खाली ब्रेक शोधत होता. तिथे नुसती चटई होती.

गाडी चालत मात्र होती झकास. लेन सोडत नव्हती, खड्डा दिसला की वेग कमी करत होती. मावशी मनातल्या मनात मार्क देत होती. मग बाजारातला पाच रस्त्यांचा गोल चौक आला आणि गाडीबाई जाग्यावर खिळल्या. गोलातून वाहनं येतच होती आणि ही सगळ्यांना वाट देत उभी. मागे हॉर्नचा कल्ला सुरू झाला. चार मिनिटं गेली, पाच गेली. शेवटी पोरीने स्टिअरिंग हातात घेतलं.

"नियमाप्रमाणे तर ती बरोबरच वागली," ती ओशाळून म्हणाली.

"नियम बरोबरच आहे गं. पण हिला जायचंय हे समोरच्याला कळायला नको? ही तर दगडासारखी उभी. मी पोरांना सांगते, हातभर पुढे सरक, म्हणजे विचारल्यासारखं होतं. मग समोरच्या गाडीचं नाक बघ. नाक खाली झुकलं की समज त्याने ब्रेक दाबला, तुला वाट दिली. नाही झुकलं तर गपचूप थांब."

पोरगी तिच्याकडे बघतच राहिली. "नाक झुकतं?"

"ब्रेक मारल्यावर प्रत्येक गाडीचं झुकतं. जरासंच. तुमच्या कॅमेऱ्याला दिसत नाही का?"

"दिसतं मावशी, बोटभर फरकसुद्धा दिसतो. पण ते बघायचं असतं, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं."

दोघी तिथेच रस्त्याकडेला गाडी लावून तासभर बोलत बसल्या. पोरीची वही भरत आली तरी मावशी थांबेना.

तीन आठवड्यांनी दोघी पुन्हा त्याच चौकात आल्या. गाडी रेषेवर थांबली, मग हातभर पुढे सरकली. समोरून टेम्पो येत होता. मावशी त्याच्या नाकावर नजर लावून बसली. टेम्पोचं नाक झुकलं, आणि गाडी अलगद गोलात शिरून पलीकडे निघालीसुद्धा. मावशीला तर उड्या माराव्याशा वाटत होत्या. विद्यार्थी पहिल्यांदा गर्दीतून पार झाला की तिला नेहमीच असं व्हायचं.

चौक ओलांडून गाडी डावीकडे वळणार, तेवढ्यात तिने वेग एकदम कमी केला. पुढे रस्ता मोकळा होता.

"आता काय झालं हिला? उगाच का अडली?" मावशीने विचारलं.

"थांबा, बघा."

गाडी गोगलगायीच्या चालीने वळली. कोपऱ्यावरच्या उंच भिंतीआड एक हातगाडी उलटली होती आणि रस्ताभर बटाटे लोळत होते. दोन माणसं वाकून ते गोळा करत होती.

"आमची दुसरी गाडी मिनिटभरापूर्वी इथून गेली," पोरगी म्हणाली. "तिने पाहिलं आणि हिला कळवलं. या गाड्या एकमेकींशी बोलतात."

मावशी त्या भिंतीकडे मागे वळून बघत राहिली. एकतीस वर्षं प्रत्येक आंधळ्या वळणावर तिने पाय ब्रेकवर तयार ठेवला होता. भिंतीपलीकडचं आधी सांगणारं तिला कधी कुणी भेटलं नव्हतं.

"पोरी, हे मला आधी का नाही सांगितलंस? मी रात्रंदिवस येऊन बसले असते."

तेव्हापासून मंगळवार आणि शुक्रवार मावशीने या नव्या विद्यार्थिनीला दिले. बाकीचे दिवस माणसांची शिकवणी चालूच होती. घरी मात्र विषय एकच.

"या मंगळवारी तिला रेल्वे फाटकावर नेणार आहे," एका सकाळी तिने नवऱ्याला सांगितलं. "फाटक उघडलं की दोन्हीकडून लोक एकदम सुटतात. तिथे काय करते बघू."

नवऱ्याने चष्मा पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"मागच्या सीटवर जागा असते का गं?"