बिरोबाची वाटी

आमच्या आटपाडीतल्या धनगराची पोर राणी पाचगणीच्या एका फ्रेंच रेस्टॉरंटात शिकाऊ म्हणून लागली आणि पहिल्याच आठवड्यात अडकली. तिच्या घरी बिरोबा देवाला दाखवल्याशिवाय रांधलेलं कुणी चाखत नाही. चाखलं की ते उष्टं. मीठ हाताच्या अंदाजानं घालायचं. लोणी-लिंबाच्या सॉसला तो अंदाज लागू पडेना. दोनदा बशा परत आल्या. शेफ अजमल मिरजेचे, फटकळ माणूस. म्हणाले, "आज बिघडला तर उद्या आटपाडीची एसटी धर."

राणी सॉस ढवळत होती. चमचा ओठांपाशी जायचा आणि मागं फिरायचा. मला विचाराल तर एवढा घोळ कशाला? तोंडात घालून मोकळं व्हावं. पण तिला ते जमेना. शेवटी तिनं चमचाभर सॉस वाटीत काढून कोपऱ्यात ठेवला.

"हे कुणाला गं?" शेफनं विचारलं.

"बिरोबाला, शेफ. आता चाखते."

"मग त्यालाच विचार की, मीठ बरोबर हाय का."

राणीला हसू आलं नाही. डोळे मिटून तिनं चमचा जिभेला लावला.

"कमी हाय, शेफ."

"मग घाल. आणि नवा चमचा घेऊन परत चाख. गिऱ्हाईक थांबलंय."