पाचवं रहस्य माझं

आमच्या घरी टोमणे मारायची वेळ ठरलेली आहे, संध्याकाळच्या रोझरीची. अंधेरीच्या गावठाणात आमचं घर आणि घरात सासूबाईंचा शब्द शेवटचा. रोझरीचे पाच भाग असतात, प्रत्येकाला रहस्य म्हणतात. रहस्य सुरू करण्याआधी ते कुणासाठी आहे हे मोठ्याने सांगायची रीत आहे. मग माळेच्या एकेका मण्यावर, असं दहा वेळा, एकाने ‘नमो मरिया’ म्हणायचं आणि उरलेली अर्धी प्रार्थना बाकीच्यांनी पुरी करायची. इतर घरांत आजाऱ्यांसाठी मागतात, परीक्षेला बसलेल्या पोरांसाठी मागतात. सासूबाई माझ्यासाठी मागतात.

“पहिलं रहस्य, माझ्या सुनेच्या जिभेला लगाम लागावा म्हणून. दुसरं रहस्य, या घरात एकदाचा पाळणा हलावा म्हणून.”

प्रार्थनेला उलट उत्तर देता येत नाही. गुडघे टेकून, डोळे मिटून, स्वतःच्या अपमानाला स्वतःच आमेन म्हणायचं.

मी एमआयडीसीतल्या एका कंपनीत फोनवर ग्राहकांच्या तक्रारी घेते. दिवसभराच्या शिव्यांचा निदान पगार मिळतो, संध्याकाळच्या फुकट. नवऱ्याला सांगितलं तर म्हणतो, “म्हातारी आहे गं, सोड ना. प्रार्थनाच करते ना ती?” नवरा शांतताप्रिय आहे. त्याची शांतता कायम माझ्या जिवावर चालते.

पाळणा हलणार होता. सातव्या महिन्यात मुलगा झाला, तो रडलाच नाही. मी हॉस्पिटलातून घरी आले त्याच दिवशी सासूबाईंनी सांगून टाकलं, “बाप्तिस्मा नाही, नाव नाही. त्याच्यासाठी या घरात माळ ओढायची नाही.” मी फादरना विचारलं. ते म्हणाले, खुशाल कर प्रार्थना, देवाची दया एवढी कोती नाही. हे घरी सांगितलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, “फादरना घर चालवायचं नसतं.”

पाचवं रहस्य माझ्या वाट्याला यायचं. ‘मृतांच्या आत्म्यांसाठी’ असं मोघम म्हणायचे आणि त्यात लेकराला चोरून बसवायचे. मला दुसरं काही नको होतं. त्याच्या घरात, त्याच्या नावाने, एकदा तरी सगळ्यांनी मोठ्याने प्रार्थना म्हणावी, एवढंच हवं होतं.

ऑक्टोबरात मरियामातेची मूर्ती गावठाणात घरोघरी फिरते. गेल्या ऑक्टोबरात आमच्याकडे आली. खोली माणसांनी भरली, आत कुकरमध्ये प्रसादाचे चणे शिजत होते. सासूबाई ठेवणीतलं लुगडं नेसून मूर्तीशेजारी गुडघे टेकून होत्या. दुसऱ्या रहस्याला त्यांनी गळा काढला, “जिची कूस देवाने कोरडी ठेवली, तिच्यासाठी.” सगळं गावठाण आमेन म्हणालं. दोन-तीन आंट्यांनी माझ्याकडे कीव करून पाहिलं. ती कीव मला सासूबाईंच्या शब्दांपेक्षा जास्त झोंबली.

पाचवं आलं.

“हे रहस्य माझ्या मुलासाठी,” मी म्हणाले आणि त्याचं नाव घेतलं. ते तोवर माझ्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. “तो याच घरचा.”

नवऱ्याने मान खाली घातली. कुकरची शिट्टी झाली. मी ‘नमो मरिया’ सुरू केलं आणि खोलीने उत्तर दिलं. सुरू झालेली प्रार्थना कोण अर्धी सोडणार? फक्त सासूबाईंचे ओठ मिटलेले होते. दुसऱ्या मण्याला मी त्यांच्याकडे बघत थांबले, मग सगळे बघू लागले. मूर्ती त्यांच्याच घरात, पाहुणे त्यांचेच. तिसऱ्या मण्याला त्यांचे ओठ हलले. त्यांचे गुडघे दुखतात हे मला ठाऊक होतं. उरलेले मणी मी सावकाश ओढले, एकेक शब्द चावून. मला त्यांची दया आली नाही. छातीवरचा दगड मात्र उतरला आणि इतकं शांत वाटलं, जितकं चर्चच्या कुठल्याही रिट्रीटमध्ये, ध्यानशिबिरात कधी वाटलं नव्हतं. मी देवाचे मनापासून आभार मानले.

दुसऱ्या दिवशी मूर्ती शेजारी गेली. संध्याकाळी सासूबाईंनी सुरुवात केली, “पहिलं रहस्य, सुनेच्या जिभेसाठी.” मी खणखणीत आमेन म्हणाले. पाचव्याला मी मुलाचं नाव घेतलं तशा त्या भिंतीचा आधार घेत उठल्या. “गुडघे धरले,” म्हणाल्या आणि आत गेल्या. त्यांना धरायला म्हणून नवराही गेला.

मी अर्धी प्रार्थना म्हटली. उत्तर द्यायला कुणी नव्हतं. मग उरलेली अर्धीही मीच म्हटली, दहाही वेळा, आत ऐकू जाईल अशा आवाजात.