टाकीतलं काळं पाणी

आमच्या धंद्यात किस्से शोधावे लागत नाहीत, ते आपोआप साठतात. मी आणि निघोज्याचा नामदेव, आम्ही दोघं घरोघरी जाऊन वाफेच्या मशिननं कार्पेट धुतो. काम संपलं की मशिनच्या टाकीत आलेलं काळं पाणी गिऱ्हाइकाला दाखवायचं, असा आमच्या मालकाचा नियम. ते बघून माणूस इतका ओशाळतो, की आम्हालाच मान खाली घालावी लागते.

*

कुरुळीत एका बंगलेवाल्यांनी ते पाणी बघितलं आणि मला बाजूला घेऊन विचारलं, "हे तुम्ही येतानाच भरून आणता ना?"

मी बोलायच्या आत नामदेव म्हणाला, "व्हय दादा, आमच्या निघोज्याचं हाय. खास तुमच्यासाठी!"

पुढच्या वेळी त्यांनी दुसऱ्या कुणालातरी बोलावलं.

*

वाकडला एका ताईंकडे पोचलो, तर कार्पेट ओलंचिंब आणि वर फेस. तुम्ही काय म्हणाल, म्हणून पहाटे उठून मीच धुतलं, म्हणाल्या. आमचा सगळा वेळ त्यांची पावडर बाहेर काढण्यात गेला.

*

चिंचवडला टाकी दाखवल्यावर घरमालक पटकन म्हणाले, "आई गावाकडची आहे, अनवाणी फिरते."

आई तिथंच सोफ्यावर बसली होती. "मी कालच आले रे," एवढंच म्हणाली ती. सुनेनं आम्हाला चहा दिला.

*

लाजेचं म्हणाल तर मीही काही कमी नाही. चाकणची नोकरी सुटल्यापासून हेच काम करतोय, पण बायको नातेवाइकांत अजून 'कंपनीत आहेत' असंच सांगते. मीही तिला कधी अडवलं नाही.

परवा शनिवारी पिंपळे गुरवला एका काकूंच्या हॉलमधलं कार्पेट धुतलं. माझ्या तोंडाला मास्क, डोक्यावर टोपी. पाणी बघून काकूंचा चेहरा उतरला. दार लोटून घेत म्हणाल्या, "भाऊ, कुणाला बोलू नका हं. उद्या मुलीला बघायला येतायत. मुलाचे वडील चाकणला मोठे साहेब आहेत."

मी बरं म्हणालो.

रविवारी आम्ही आमच्या पोरासाठी मुलगी बघायला निघालो. पत्ता फक्त मध्यस्थाला ठाऊक. रिक्षा पिंपळे गुरवला वळली तेव्हाही मला काही वाटलं नाही. दार उघडलं आणि समोर तेच कार्पेट! धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला.

मास्क नव्हता, म्हणून काकूंनी ओळखलं नाही. आवाज ओळखू नये म्हणून मी घसा बसल्याचं खुणेनंच सांगितलं. मुलगी पोराला फार आवडली होती, त्याच्या तोंडावरच दिसत होतं, त्यामुळे माझा जीव आणखीच टांगणीला लागला. बायकोनं कार्पेटचं कौतुक केलं. काकू म्हणाल्या, आम्ही घरीच धुतो, बाहेरची माणसं कशाला बोलवायची.

तेवढ्यात पोराच्या हातून चहा सांडला.

काही कळायच्या आत मी गुडघ्यांवर बसलो, रुमाल काढला आणि न घासता डाग कडेकडून आत टिपत गेलो. "साधं पाणी द्या ताई, डाग बसायच्या आत," असंही बोलून गेलो.

काकू माझ्या हातांकडे बघत राहिल्या. मग वाकून त्यांनी माझ्या हातातला रुमाल काढून घेतला आणि हळूच म्हणाल्या,

"राहू द्या, भाऊ. आज तुम्ही पाहुणे आहात."